मदत हवी आहे : विमानाच्या उजव्या सीटवरून लँडिंग बिघडतंय, चेकराइड (प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा) तीन आठवड्यांवर

रानपाखरू
जरा लवकर उत्तरं द्या, प्लीज. सीएफआयचं (फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं) ट्रेनिंग चालू आहे, त्यामुळे उजव्या सीटवरून उडवावं लागतं. डाव्या सीटवरून माझं लँडिंग चांगलं होतं. उजवीकडे बसले की दहातल्या सात वेळा टेकताना नाक उजवीकडे वळलेलं असतं, टायर किंचाळतात. त्यात उडवता उडवता विद्यार्थ्याला समजावत बोलायचंही असतं! बोलायला लागले की हात थांबतो, हात चालला की तोंड बंद. काल पॉवर-ऑफ १८० मध्ये (इंजिनची शक्ती काढून, १८० अंश वळून ठरल्या जागी उतरणं) ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच टेकले. 'सराव कर' सोडून काहीही सांगा.

घारीचा_डोळा
देश कुठला? विमान कुठलं? उजवीकडून तास किती झाले? हे माहीत नसताना काय सांगणार?

जुना_विंडसॉक
पॅटर (उडवताना विद्यार्थ्याला सांगायची वाक्यं) पाठ करा. दुसरा उपाय नाही. आम्ही एएफआय (असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर) करताना क्लबच्या खोलीत खुर्चीवर बसून, हातात फूटपट्टी धरून रोज तासभर म्हणायचो. शब्द आपोआप आले की डोकं उडवायला मोकळं राहतं. आणि एवढं करूनही विद्यार्थ्याला पहिल्या सोलोला (एकट्याने उडवायला) सोडायचा अधिकार आम्हाला नसायचा, ते काम एफआयचं (पूर्ण फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं).

रानपाखरू
अमेरिका, ॲरिझोना. सेसना १७२. उजवीकडून ९ तास. दोन्ही लेखी परीक्षा झाल्या, स्पिनच्या (विमान गिरक्या घेत खाली येण्याच्या) ट्रेनिंगची सहीही लॉगबुकात आहे. वाटलं सीएफआय म्हटलं की देश कळेल सगळ्यांना.

सह्याद्रीवारा
काका, पाठांतर तिथे अंगाशी येईल. एफएएचा (अमेरिकेच्या विमान नियामकाचा) परीक्षक डाव्या सीटवर विद्यार्थी होऊन बसतो, मुद्दाम चुकतो आणि मध्येच 'का?' विचारतो. पाठ केलेली साखळी तिथेच तुटते.

जुना_विंडसॉक
पाठ म्हणजे पोपटपंची नव्हे. आमच्या परीक्षकांनीही मध्येच विचारलं होतं. पाठ होतं म्हणूनच मला सुटलेला धागा परत सापडला.

पुणेरी_पायलट
मुळात अमेरिकेतल्या एअरलाइनला लागणाऱ्या १५०० तासांसाठी हा खटाटोप का करायचा? भारतात सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) २०० तास पुरतात. परत ये आणि एअरलाइनचे अर्ज भर.

सह्याद्रीवारा
तिने हे विचारलेलं नाही. आणि तो १५०० चा नियम २००९ च्या अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या विमान अपघातानंतर आला. त्या विमानाच्या दोन्ही पायलटांचे तास १५०० च्या वरच होते, त्यामुळे आकड्यावरून तिथेही अजून वाद आहेत. शिकवण्याकडे फक्त तास गोळा करायचं साधन म्हणून बघणारे इन्स्ट्रक्टर मी भोगलेत. हिला नीट शिकवायचं आहे, तर शिकू दे की.

आंबोलीकर
धाग्यावर थोडं अवांतर. मुलगी बारावी कॉमर्स आहे, पायलट व्हायचं म्हणते. होईल का?

पुणेरी_पायलट
माझ्या पुतण्याने कॉमर्सनंतर एनआयओएसमधून (मुक्त विद्यालयातून) फिजिक्स-मॅथ्स दिले. नवीन धागा काढा, सविस्तर लिहितो.

घारीचा_डोळा
लँडिंगवर येऊ या. रानपाखरू, तू काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) मधोमध बघून धावपट्टीचं टोक साधतेस ना? उजवीकडे बसल्यावर तुझा डोळा विमानाच्या मध्याच्या उजवीकडे असतो. तिथून स्पिनरवरची (पंख्याच्या मधल्या टोपीवरची) नजर तिरपी डावीकडे जाते. ती मध्यरेषेच्या टोकावर नेलीस की सगळं विमान उजवीकडे वळतं. विमानाच्या नाकाकडे बघू नकोस, स्वतःच्या नाकासमोर बघ. टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) नोजव्हील पिवळ्या रेषेवर ठेव, लांबवर बघ आणि रेषा काउलिंगला कुठे भिडते ते लक्षात ठेव. फायनलवर (उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) तेच चित्र हवं. आणि एक सांग, तुझी उंची किती? सीट वर घेतेस का?

रानपाखरू
पाच फूट दोन. आमच्या विमानातली उजवी सीट वर-खाली होत नाही. डावीकडे उशी घेते. उजवीकडे घेत नाही, इन्स्ट्रक्टर होणार आणि उशीवर बसणार, हे बरं दिसत नाही असं वाटलं.

घारीचा_डोळा
अगं, मग हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस! डोळा दोन-तीन इंच खाली गेला की फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) धावपट्टीच काउलिंगमागे जाते. उशी घे. चेकराइडलाही घे.

सह्याद्रीवारा
बोलण्याचं मी सांगते. सगळं फ्लेअरमध्ये सांगायला जाऊ नकोस. स्पीड, नजर कुठे, थ्रॉटल (इंजिनची शक्ती कमी-जास्त करायचा दांडा) कधी बंद, हे जमिनीवर फळ्यापाशी आणि डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने उडताना) सांगून टाक. खाली आल्यावर 'नजर लांब, धरून ठेव' एवढंच. आणि आधी मराठीत बोलून बघ. मला पी-फॅक्टर (प्रोपेलरमुळे नाक डावीकडे ओढलं जाणं) खरा कळला तो आईला फोनवर समजावताना.

जुना_विंडसॉक
हे पटलं. डाउनविंडचं मला सुचायला हवं होतं.

रानपाखरू
आज उशी घेऊन आठ लँडिंग केली. सहा सरळ टेकली. डावा हात थ्रॉटलवर अजून अवघडतो. पॉवर-ऑफ १८० चारदा केलं, दोनदा ठरल्या जागेपुढे २०० फुटांच्या आत, दोनदा पुन्हा अलीकडेच. समोरचा वारा दहा नॉट होता, बेस (धावपट्टीकडे जायचं आडवं वळण) कधी वळू हेच कळत नाही. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) उशिरा घ्यावेत का? आईला रात्री फोन करते, तिकडे सकाळ असेल.

घारीचा_डोळा
फ्लॅप्सचं नंतर बघू. आधी सांग, टचडाउन पॉइंट पंखाच्या बरोबर बाजूला आल्यावर थ्रॉटल बंद केल्यापासून किती सेकंदांनी वळतेस?