कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचंय, कोकणात राहून जमेल का?

देवरुखचा कबड्डीवाला
एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ६१ टक्क्यांनी झालं. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलोय. सध्या शाळेत कंत्राटी आहे. सीनियर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचंय. घरचे म्हणतात, पुण्याला जा. शिवाय मला एकच खेळ नीट येतो आणि तिथे बुद्धिबळापासून गोळाफेकीपर्यंत सगळं सांभाळावं लागतं. काय करू?

जिमखाना, रत्नागिरी (निवृत्त)
आधी कागदाचं सांगतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे एम.पी.एड.ला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, खेळल्याचा पुरावा आणि क्षमता चाचणी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर पळायचं असतं. तुझं नेट-सेट राहिलं असेल तर आधी त्याला लाग. कायम जागा क्वचित निघतात, काही वर्षं कंत्राटावर काढायची तयारी ठेव.

एकच खेळ येतो याची काळजी सोड. मी खो-खोवाला. बाकीच्या खेळांचे नियम पुस्तकातून शिकलो, पंचांच्या शेजारी बसून शिकलो. मुलं हेरायची नजर मात्र मैदानाबाहेरच तयार होते. आमचा पहिला गोळाफेकपटू मला मिरकरवाड्याला मासळीच्या टोपल्या उचलताना दिसला. त्याला म्हटलं, उद्या कॉलेजवर ये. घरची बोट होती, त्यामुळे सकाळी यायला जमायचं नाही. मग त्याचा सराव दुपारी उन्हात घ्यायचो. तो मुंबईला विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरला तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा.

पावसाचं गणित आत्ताच मांड. जून ते सप्टेंबर मैदान आपलं नसतं. जांभ्यावर शेवाळ धरतं, रेघांची फक्की (पांढरी पूड) मारली की पहिल्या सरीला वाहून जाते. त्या काळात हॉलमध्ये मॅट टाक, कॅरम-टेबल टेनिसची टीम बांध, जिने चढव. स्पर्धांचं वेळापत्रक मुंबईत ठरतं. मध्ये गणपती येतात, पोरं आपापल्या वाडीत जातात, पुढे भातकापणी. टीम पूर्ण उभी राहते तोवर स्पर्धा दारात आलेली असते. तेव्हा पहिल्या वर्षाची मुलं प्रवेश घेतानाच गाठ. खेळाडूंचे एलिजिबिलिटी (पात्रता) फॉर्म, टी.ए.-डी.ए.ची (प्रवास आणि दैनिक भत्त्याची) बिलं, सामानाची नोंदवही हेही सगळं तुझ्याच गळ्यात.

गुहागरची खो-खो खेळाडू
सरांचं पटलं. मुलींबद्दल थोडं सांगते. मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने कॉलेजला जायचे. सराव लांबला की घरी पोहोचायला अंधार. आई म्हणाली, खेळ बंद. आमचे सर रविवारी घरी आले, चहा घेतला, आईला सराव किती वाजता संपतो ते लिहून दिलं आणि ती वेळ पुढे कधी चुकवली नाही. माझ्यामागून आमच्या वाडीतल्या आणखी मुली खेळायला गेल्या. तुम्ही संचालक झालात तर आधी एसटीचं वेळापत्रक भिंतीवर लावा.

देवरुखचा कबड्डीवाला
सर, ताई, खूप आभार. पुण्याला जात नाही. नेटचा अर्ज भरतो. सर, अभ्यासाला कुठून सुरुवात करू?

जिमखाना, रत्नागिरी (निवृत्त)
नेटला शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७. जुन्या प्रश्नपत्रिका सोडव. शरीरक्रियाशास्त्र आणि बायोमेकॅनिक्स कच्चं असेल तर तिथून धर. पळणं रोज चालू ठेव. रत्नागिरीला आलास की भेट, माझ्याकडे पुस्तकं आहेत, घेऊन जा.