मदत हवी आहे: घरच्या भजनांची ऑडिओ सीडी

आईच्या भजनी मंडळाचं घरीच केलेलं रेकॉर्डिंग आजीच्या जुन्या सीडी प्लेअरवर वाजवायचंय. तो एमपीथ्री ओळखत नाही, फक्त ऑडिओ सीडी घेतो. (मोबाइलवर ऐकायला आजी तयार नाही, तो विषय संपला!) फाइल्स ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या आहेत, त्या ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सीडीला लागतात तशा ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट करून घेतल्या. अडलंय पुढे. अभंग संपून गजर सुरू होतो तिथे टाळ चालूच असतात, आणि बर्न केल्यावर नेमकी तिथेच दोन सेकंदांची शांतता येते. विंडोजवर डिस्क-ॲट-वन्स पद्धतीने (म्हणजे अख्खी सीडी मध्ये न थांबता एका दमात), ट्रॅकमधली गॅप शून्य ठेवून बर्न करणारं फुकट सॉफ्टवेअर कोणी वापरलंय का? क्यू शीट (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेली टेक्स्ट फाइल) लागते का, आणि ती कशी बनवायची? शिवाय, जुन्या प्लेअरसाठी सीडी-आर कमी स्पीडला बर्न केलेली बरी का?