नवी लायब्ररी, जुना हॅश: बॅकअपमध्ये हे चालवून घ्यावं का?

मांडवीकर
बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाकडे मोडी पत्रं, जुन्या स्मरणिका आणि नाटकांचे फोटो यांचे स्कॅन आहेत. मशीन दांडिया बाजारात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर एकुलती एक प्रत तळमजल्यावर ठेवायची कुणाचीच तयारी नाही. म्हणून दुसरी प्रत रोज रात्री पुण्याला एका सभासदांच्या घरी जाते. त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम मंडळातल्याच एकानं लिबआरसिंक ०.९.७ या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, लिहिला आहे. ती फाइलीचे ब्लॉक, म्हणजे छोटे तुकडे, पाडते आणि बदललेले तेवढेच पाठवू देते. आता इथलं मशीन नवं आलं, त्यावर लायब्ररीही नवी, आणि प्रोग्रॅम कंपाइल होईना. कारण सरळ आहे. २०१५ च्या १.० आवृत्तीपासून सिग्नेचर (जुन्या प्रतीतल्या ब्लॉकांच्या खुणांची यादी) सुरू करणाऱ्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट जास्त लागतं: हॅश, म्हणजे ब्लॉकवरून ती छोटी खूण काढायची रीत, कुठला वापरायचा.

तिथे एमडी ४ हा जुना हॅश लिहिला की एका ओळीत काम भागतं, आणि मंडळाचा कल तिकडेच आहे. माझा विरोध आहे. जुनी लायब्ररी प्रत्येक ब्लॉकचा एमडी ४ काढून त्यातले एरवी फक्त ८ बाइट ठेवायची. दोन वेगळ्या ब्लॉकांची ही खूण कुणाला मुद्दाम जुळवता येते. ती जुळली की बडोद्याच्या मशीनला वाटतं, हा तुकडा पुण्याकडे आहेच, आणि ते तो पाठवतच नाही. पुण्यातली फाइल उघडते, पण आतला मजकूर भलता असतो. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतली सीव्हीई-२०१४-८२४२ ही नोंद याचीच आणि नव्या लायब्ररीत ब्लेक २ हा नवा हॅश आला तो यासाठीच. नव्या लायब्ररीकडून जुनंच काम करून घेणं म्हणजे औषध आणून कपाटात ठेवणं.

सर्व्हरकाका
मांडवीकर, हे सगळं खरं, तरी मी एमडी ४ च्या बाजूचा. बॅकअपमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मशीन बदललं, लिनक्स बदललं, लायब्ररी बदलली. वर हॅशही बदललात आणि काही बिघडलं, तर शोधणार कुठून?

आकडेही बघा. ८ बाइट म्हणजे ६४ बिट. योगायोगानं एखादी जोडी जुळायला ४ अब्जांच्या घरात ब्लॉक एकत्र यावे लागतात. नेहमीचा ब्लॉक २०४८ बाइटचा, म्हणजे १०० एमबीच्या टिफ स्कॅनचे साधारण ५० हजार ब्लॉक, आणि तुलना त्या एका फाइलपुरतीच. शिवाय ३२ बिटांचा फिरता चेकसम, म्हणजे ब्लॉकची दुसरी, झटपट निघणारी खूण, तीही जुळायला हवी. आणि पूर्ण लांबीचा ब्लेक २ घेतलात तर चेकसमचे ४ धरून ब्लॉकमागे १२ बाइटच्या जागी ३६ बाइट जातील. मोडी पत्रांवर हल्ला करायला कोण बसलंय?

मांडवीकर
काका, योगायोगाचं गणित मला मान्य आहे. पण मुद्दाम केलेल्या खोडीला ते लागू पडत नाही. आपल्याकडे फाइली येतात त्या लोकांच्या पेनड्राइव्हवरून आणि मेलवरून. त्यातले बाइट आपण ठरवत नाही. एमडी ४ हा १९९० सालचा. ज्या आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमवरून ही पद्धत आली त्यानंच २००८ मध्ये तो सोडून एमडी ५ घेतला, आणि २०११ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफनं एमडी ४ ला इतिहासजमा ठरवलं. तिप्पट सिग्नेचर म्हणजे तुमच्याच टिफला ६०० केबीच्या जागी १.८ एमबी. आजच्या फायबरवर ते जाणवणारही नाही.

सूचीवाली
सूचीचं काम मी बघते म्हणून बोलते. स्कॅन एकदा आत गेले की बदलत नाहीत. नवा स्कॅन पूर्णच जातो, त्यात जुन्याशी तुलना नाही. रोज बदलते ती सूचीची डेटाबेस फाइल. म्हणजे हा सगळा वाद मुख्यतः तिच्यापुरता आहे, पण मला तीच सगळ्यात नाजूक वाटते. टिफमध्ये ब्लॉक चुकला तर चित्रावर पट्टा दिसेल. सूचीत एका पत्राची तारीख दुसऱ्याला लागली तर कुणाच्या लक्षात येणार? पत्रावर तारीख मोडीत, ती वाचणारे किती उरलेत?

मला भीती वेगळीच आहे. सूचीच्या मागच्या आवृत्त्या पुण्यात डेल्टा, म्हणजे नुसते फरक, म्हणून ठेवल्या आहेत. हॅश बदलल्यावर त्या उघडतील का?

मांडवीकर
ताई, उघडतील. डेल्टात हे हॅश नसतातच. 'जुन्या फाइलमधला इथून इथवरचा भाग उचल, मग हे नवे बाइट टाक' एवढ्याच आज्ञा असतात, आणि ती रचना १.० मध्ये बदललेली नाही. बदलली ती सिग्नेचरची, आणि सिग्नेचर आपण साठवत नाही, रोज नव्यानं काढतो.

इंदूरकर
मी इंदूरचा, तुमच्या मंडळाचा नाही, पण एक विचारतो. सिग्नेचर काढतं कोण? ज्याच्याकडे जुनी प्रत आहे ते, म्हणजे पुण्याचं मशीन. बडोदा ती फक्त वाचतं. मग रोजच्या बॅकअपपुरतं बडोद्यातल्या त्या ओळीत काहीही लिहा, फरक शून्य. पुण्यात ०.९.७ आहे तोवर एमडी ४ च येणार. नवी लायब्ररी सिग्नेचरचे पहिले चार बाइट बघून दोन्ही प्रकार ओळखते, त्यामुळे अडणार नाही.

उलट दिशेला मात्र अडेल. बडोद्याची फाइल बिघडली आणि पुण्याहून परत आणायची वेळ आली, तर सिग्नेचर बडोदा काढणार. ती ब्लेक २ ची असली तर पुण्याच्या जुन्या लायब्ररीला कळणारच नाही, एरर देऊन ती थांबेल. रिस्टोर नेमका गरजेच्या रात्री अडेल.

सर्व्हरकाका
बघा, मी म्हणत होतो ते हेच! रोज चालतो म्हणून बॅकअप चांगला, असं नसतं. तो परत येतो का, ते बघायचं. म्हणून बडोद्यात आत्ता एमडी ४ च ठेवा.

मांडवीकर
इंदूरकर, आभार. काका, यातून मी उलटं शिकतो: खरं काम पुण्यात आहे आणि ते लांबणीवर टाकता येणार नाही. पुण्याचं मशीन नव्या लायब्ररीवर येईपर्यंत बडोद्यात एमडी ४ राहू दे, पण तो सेटिंग फाइलमध्ये. कोडमध्ये कायमचा कोरलेला मला नको. कोडमध्ये गेला की तो कुणी काढत नाही.

सर्व्हरकाका
सेटिंग फाइल चालेल. पण पुण्याला हात लावण्याआधी दोन्हीकडच्या सगळ्या फाइलींचे एसएचए-२५६ हॅश काढून ताडून घ्या. आत्तापर्यंत काही चुकीचं बसलं असेल तर ते नव्या हॅशनं दुरुस्त होईलच असं नाही. आणि हॅशची घाई होती असं मला अजूनही वाटत नाही.

सूचीवाली
ताडणी मी करते, सूचीच्या फाइलीपासून. पुण्याच्या सभासदांशी बोलले आहे. त्यांचं म्हणणं, मशीन शनिवारी रात्रभर चालू ठेवतील. ताडणी जुळली तर रविवारी तिकडे नवी लायब्ररी टाकू आणि लगेच सूचीची एक फाइल ब्लेक २ नं बडोद्याला परत आणून बघू. काका, त्या वेळी तुम्ही फोनवर असायला हवं.