आप्पांचं ऑपरेशन वजनासाठी पुढे ढकललंय, थांबायचं का?

ऐरोलीची_सून
सासरे (आप्पा), वय ६८. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. मंगळवारी ऑपरेशन ठरलेलं. सर्जननी काट्यावर उभं केलं तर ५३ किलो. गणपतीत ६२ होते, चार महिन्यांत नऊ किलो गेले. "असं टेबलावर घेणार नाही, पंधरा दिवस नीट खायला घाला, मग या" म्हणाले. घरी गदारोळ! मोठे दीर म्हणतात, गाठ पोटात ठेवून खाऊ घालायचं म्हणजे गाठच पोसायची. कोपरखैरण्याहून नणंद रोज डबाभर पेज आणते. रक्तातलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) कमी, २.८ आलंय, तर मेडिकलवाला म्हणतो त्याची बाटलीच चढवून घ्या.

आप्पा माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठतात. कोणाचा विश्वास बसेना म्हणून मी वहीत लिहायला लागले: सकाळी चहात बुडवून चार बिस्किटं, दुपारी पेज, रात्री वरणभात चार घास. एकादशीला साबुदाणा. भाकरी बंदच केलीये, "इच्छा नाही" म्हणतात.

पाचपाखाडीची_आहारतज्ज्ञ
सर्जन बरोबर आहेत, थांबा. सहा महिन्यांत दहा टक्क्यांवर वजन गेलं की धोका मोठा. आप्पांचं साडेचौदा टक्के गेलंय. अशा वेळी कॅन्सर असला तरी ७ ते १४ दिवस खाण्यावर घालवावेत, असंच युरोपातल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ही काही नवी गोष्ट नाही. १९३६ साली स्टडली नावाच्या सर्जननी अल्सरचे पेशंट तपासले, तर ऑपरेशनआधी पाचवा हिस्सा वजन गमावलेल्यांतले एक तृतीयांश दगावले होते, बाकीच्यांत साडेतीन टक्के.

दिरांना सांगा, गाठ उपाशी राहत नाही. ती मांडीदंडाचं मांस वितळवून आपलं भागवते. आतडं जोडलेली जागा आणि टाके भरून येतात ते प्रोटीनवर, आणि छातीत बळ नसेल तर खोकून कफ बाहेर पडत नाही, मग न्यूमोनिया.

अल्ब्युमिन नुसत्या खाण्याने उतरत नाही, आजाराच्या दाहानेही उतरतं. बाटली चढवून आकडा सुधारेल, आप्पा नाही.

दिवसाला ६५ ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). तुमच्या वहीतलं वीसही भरणार नाही. पेज म्हणजे तांदळाचं पाणी आणि नणंदेची माया. ती तोडू नका, तिच्यातच चार मोठे चमचे बिनसायीची दूध पावडर घाला, दहा ग्रॅम झाले. १०० ग्रॅम पनीर कुस्करून, अठरा. मुगाचं घट्ट वरण, दही, ताकाऐवजी दूध. पण एकदम ढीगभर नको, रोज थोडं वाढवा. फार दिवस कमी खाल्लेल्या माणसाचं पोटॅशियम-फॉस्फरस अचानक खाली येतं, तेवढं रक्त तपासायला सांगा. पोट साफ होत नसेल, फुगत असेल तर सालं-कोंडा टाळा आणि लगेच सर्जनना कळवा.

कळव्याचा_बाळा
आमच्या आईचं तातडीचं होतं, थांबायला वेळच नव्हता. ४४ किलोची बाई. नवव्या दिवशी टाके उघडले, नंतर ४१ दिवस ड्रेसिंग. आत लांबलचक पट्टी भरायचे आणि ती माझा हात धरून बसायची.

एक विचारू? आप्पांना कवळी आहे का? वजन उतरलं की हिरड्यांवर ती सैल होते. आई भाकरी "नको" म्हणायची. खरं तर चावता येत नव्हतं आणि सांगायची लाज.

ऐरोलीची_सून
बाळादादा, कवळी देवघराच्या खणात सापडली, रुमालात गुंडाळलेली! महिनाभर घातलीच नव्हती म्हणे. सेक्टर ८ मधल्या दातवाल्यांनी आतून अस्तर लावून दिलं. आज अर्धी भाकरी, पिठल्याबरोबर. वहीत ५१ ग्रॅम भरले. दीर अजून फुगलेलेच आहेत, ते राहू देत.

ताई, पावडरच्या पेजेत गुठळ्या होतात हो, आप्पा बोटाने काढून ताटाच्या कडेला लावतात. काय करू?

पाचपाखाडीची_आहारतज्ज्ञ
आधी गार पाण्यात कालवा. पेज कोमट झाली की मग ओता.