मोबाइलच्या आधारे समुद्रातील बोटीचा माग काढता येईल का?

प्रश्न: आमची छोटी बोट किनाऱ्यापासून ३० किलोमीटरपर्यंत जाते. तिच्यावर जुना स्मार्टफोन बसवून किनाऱ्यावरून तिचे स्थान पाहता येईल का? रेंज गेली की जीपीएसही बंद पडते का?

उत्तर १: जीपीएस बंद पडत नाही; फोन उपग्रहांचे संकेत केवळ ग्रहण करतो, त्यासाठी सिमकार्डही लागत नाही. अडचण येते ती स्थान किनाऱ्यापर्यंत पोहोचवताना. जीएसएमची (२जी मोबाइल नेटवर्कची) नेहमीची तांत्रिक मर्यादाच सुमारे ३५ किलोमीटर आहे आणि टॉवर पुरेशा उंचीवर नसल्यास पृथ्वीच्या वक्रतेमुळे संपर्क त्याआधीच तुटतो. म्हणून ठरावीक वेळाने स्थान साठवून रेंज येताच पाठवणारे ॲप निवडावे.

उत्तर २: सहमत, मात्र साठवलेली नोंद बोट कुठे होती हे सांगते, कुठे आहे हे नव्हे, आणि आणीबाणीत हा फरक जिवावर बेतू शकतो. व्हीएचएफ रेडिओ लहरींवर चालणारे एआयएस (जहाजाची स्वयंचलित ओळख देणारे) यंत्र मोबाइल टॉवरविना आसपासच्या जहाजांना स्थान कळवते. खोल समुद्रात उपग्रह ट्रॅकरच हवा.

प्रश्नकर्ता: आभार. काल फोन केबिनच्या पत्र्याखाली होता, तेव्हा नकाशावर बोट चक्क टेकडीवर चढलेली दिसली!

उत्तर १: पत्रा संकेत अडवतो. फोन जलरोधक पिशवीत घालून मोकळ्या आकाशाखाली बांधावा.