धान्यातली गोडी उतरेना! मॅशचे, मोडाच्या पिठाचे तुमचे अनुभव सांगा

हर्णैची माहेरवाशीण: काल भाच्याचा व्हिडिओ कॉल. तो न्यूझीलंडला असतो, तिकडे घरी बियर करतो, ऑल-ग्रेन, म्हणजे बाजारचा अर्क न आणता बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडून गरम पाण्यात मुरवायचं (यालाच मॅश म्हणतात) आणि साखर आपण काढायची. ५ किलो माल्टचा २० लिटर रस काढला, ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या मानाने रस किती दाट, जितकी साखर तितकी जास्त, १.०५० धरलेली, आली १.०३८. मावशी, निम्मी साखर चोथ्यातच राहिली गं म्हणाला, आणि मला एकदम आजीची पेज आठवली. धाकट्या भावाच्या उष्टावणानंतरची गोष्ट. तांदळाची घट्ट पेज चुलीवरून उतरवायची, कढ मोडला की मोडाच्या नाचणीचं पीठ चमचाभर घालून वायलावर झाकून ठेवायची. पाव तासात पेज पळीवरून ओघळायला लागायची आणि साखर न घालता गोड! उकळत्यात घातलं तर काही व्हायचं नाही, आजी म्हणायची पीठ मेलं. हेच तर मॅशमध्ये चालतं ना? लिहा तुमचंही.

राजापूरचा, सध्या आयर्लंड: हेच चालतं ताई. मोडातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, ६५-६७ डिग्रीला छान, ७५ च्या पुढे गेली की संपली. पण भाच्याला आधी भरड तपासायला सांगा. मी वर्षभर दुकानातूनच भरडून आणायचो, त्यात अख्खे दाणे तसेच असायचे, अख्ख्या दाण्यात पाणी शिरणार कुठून. स्वतःची रोलर चक्की घेतली, फट साधारण १ मिमी, आणि दाण्यातली साखर उतरायचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून ७० वर गेलं, बाकी काहीच बदललं नव्हतं. टरफल मात्र शाबूत हवं, त्याचीच गाळणी होते.

गिरणीवाल्याची सून: आमच्या गिरणीत कोणी बार्ली आणली तर पीठच होईल, दगड आहेत ना. आज तर सकाळपासून लाईट नाही, तांदळाचे डबे रांगेत पडलेत.

राजापूरचा, सध्या आयर्लंड: वहिनी पीठ झालं तर सगळं चिखलासारखं बसतं, रस खाली उतरतच नाही. मी एकदा दोन तास बसलोय थेंब मोजत.

देवबागकर: त्याका भाताचा तूस घाला. धुवून मूठ-दोन मूठ. आमच्याकडे तूस चुलीत जाता, तिकडे ह्ये लोक इकत घेतत असा ऐकलंय.

चिपळूणची: माझं नाचणीचं सत्त्व बघा. मोड सुरेख यायचे, मग मी खमंग भाजायचे, वास घरभर. पण पेज काही पातळ होईना. सासूबाईंनी सांगितलं भाजू नकोस, उन्हात वाळव, मुळं चोळून काढ. त्या दिवसापासून फरक. खमंगपणा हवा तर थोडी वेगळी भाजून नंतर मिसळते.

हर्णैची माहेरवाशीण: अगं म्हणजे भाजताना पीठ मेलं!! आजीचं म्हणणं दोन्हीकडे लागू.

लाल माती: पावसाळ्यात कसं वाळवता? श्रावणात माझे मोड दोनदा बुरशीने गेले, काळे ठिपके आले की टाकूनच द्यावं लागतं, लहान मुलांच्या पोटात जायचं असतं. आता होळीच्या आसपासच करते वर्षाचं.

चिपळूणची: मीही मार्चमध्येच. बियाणं कुठलं? आमची दापोली १.

राजापूरचा, सध्या आयर्लंड: नाचणी बियरमध्ये घालायची तर आधी शिजवून घ्या, तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. शिजवून निववा, मग बार्लीचं माल्ट. अजून एक, पाणी. इथलं जड, किटलीत पांढरा थर बसतो, मॅशचा पीएच वर राहायचा. थोडं लॅक्टिक ॲसिड घालून ५.४ ला आणला तेव्हा कुठे. आणि मेडिकलमधलं आयोडीन पांढऱ्या बशीत रसाच्या थेंबावर टाका, काळंनिळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा. टरफल येऊ देऊ नका, ते निळं होतंच. तो थेंब मग पातेल्यात परत नाही हं.

देवबागकर: गावाक कधी येतलास? सुरमई लागली हा.

राजापूरचा, सध्या आयर्लंड: गणपतीक. तिकीट काढलंय.

हर्णैची माहेरवाशीण: भाच्याला सगळं वाचून दाखवलं. भरड बारीक केली, ६० मिनिटांऐवजी ९० ठेवलं, वरून पाणी भसकन न ओतता वाटी-वाटीने सोडलं. १.०४७ आली! फोटो पाठवलाय त्याने, आईला दाखवला तर ती म्हणाली चोथा टाकला का रे गुरांना?