1,62,000 किमी चाललेली डिझायर डिझेल: काय तपासू, पहिल्या वर्षी किती खर्च धरू?

संत्रानगरी_49
नमस्कार मंडळी. एक स्विफ्ट डिझायर व्हीडीआय पाहून राहिलो आहे. नोव्हेंबर 2014 ची नोंदणी, एमएच-31, दुसरा मालक, मीटरवर 1,62,000. मागणी 3 लाख 10 हजार. 90,000 पर्यंत अधिकृत वर्कशॉपचा रेकॉर्ड आहे, त्यानंतर बाहेरच्या गॅरेजात काम झालं म्हणतात, पण बिलं नाहीत. माझं चालणं मानेवाडा ते बुटीबोरी रोज जाऊन-येऊन 60 किमी, महिन्यातून दोनदा अमरावती. खर्चासकट साडेतीन लाखांच्या वर जायचं नाही. मेकॅनिकला न्यायच्या आधी स्वतः काय पाहू? आणि कोणत्या दुखण्याला किती पैसे धरू?

बारातेरापाना
भाऊ, तुमच्या मजकुरातली महत्त्वाची ओळ एकच: बिलं नाहीत. 90,000 ते 1,62,000 म्हणजे 72,000 किमी, दर 10,000 ला एक धरला तर सात ऑइल बदल. ते वेळेवर झाले की नाही, यावर पुढच्या 50-60 हजार रुपयांचा हिशेब आहे.

कारण सांगतो. यातलं 1248 सीसी इंजिन फियाटच्या मल्टिजेटचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखायला त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. म्हणून लोक समजतात की चेन म्हणजे आयुष्यभराचा विषय मिटला. पण ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. सम्पही (इंजिनाखालची ऑइलची टाकी) लहान, ऑइल तीन लिटरच्या आसपासच बसतं, त्यामुळे अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तरी जाणवतं. काजळीनं घट्ट झालेलं ऑइल 15-20 हजार किमी तसंच चालवलं की टेन्शनर ढिला पडतो, चेन लांबते, गाईडवर आपटते. एक दिवस दाता सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, रॉकर आर्म तुटतात आणि हेड उतरवावं लागतं. तिथं 40 ते 60 हजार कुठं गेले कळत नाही. तेच वेळेवर चेन, टेन्शनर, गाईड असा पूर्ण सेट बदलला तर मजुरीसकट 12 ते 18 हजारांत काम होते.

म्हणून सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात. कोमट लागलं तर चहा पिऊन या, नाही तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू करताना एकानं बॉनेट उघडून चेनच्या कव्हरच्या बाजूला कान द्यायचा. साखळी डब्यात खुळखुळावी तसा आवाज सेकंदभर येऊन थांबला तर चालते. दोन-तीन सेकंद राहिला तर चेनचे पैसे धरा. गरम झाल्यावरही येत असेल तर ती गाडी सोडा.

डिपस्टिकवर ऑइल काळं दिसणारच, डिझेल आहे, त्यावरून काही ठरवू नका. पातळी पाहा आणि बोटांत चोळून पाहा. कण लागले किंवा डांबरासारखं चिकट वाटलं तर वाईट. ऑइल फिलरचं झाकण काढून आतून टॉर्च मारा. तपकिरी थर चालतो, काळी खरवड बसलेली असेल तर सात बदल झालेले नाहीत हे समजा, विकणारा काहीही सांगो. झाकण उघडं ठेवूनच इंजिन आयडलला चालवा. बारीक वाफ येणं ठीक. फसफस धूर आणि ऑइलचे शिंतोडे येत असतील तर रिंगा गेल्या, म्हणजे हाफ इंजिनचं (पिस्टन-रिंगा बदलायचं) काम.

धुराचा रंगही तेव्हाच पाहून घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं सील किंवा रिंगा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्टर, आणि त्यासोबत कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

टर्बोबद्दल एक सावधगिरी. हे इंजिन 2000 आरपीएमच्या खाली मुळातच आळशी आहे, तो दोष नाही. तिसऱ्या गिअरात 1500 वरून पूर्ण दाबा. 2000 नंतर पाठीला ढकललं पाहिजे. ढकललं नाही, काळा धूर निघाला आणि फुस्स आवाज आला तर आधी इंटरकूलरचा रबरी होज पाहा. तो फाटला की हुबेहूब टर्बो गेल्यासारखी लक्षणं दिसतात. होज दीड-दोन हजारांचा, टर्बो रिकंडिशन केला तरी 12 ते 18 हजार. बरेच जण होजच्या जागी टर्बोचे पैसे मोजतात.

डिझेलदादा
इंजिनाचं वरती आलंच. यात इंजेक्टरची रिटर्न टेस्ट जोडा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त डिझेल जमा होईल तो इंजेक्टर झिजला. डिझेल पंपाचं काम करणारा कोणताही मिस्त्री हे करून देतो. एका इंजेक्टरची दुरुस्ती 3 ते 5 हजार, नवा घेतला तर 12 हजारांच्या वर. चारही करायचे असले तर सौदा तिथंच थांबवावा.

क्लच: पाचव्या गिअरात 50 च्या वेगानं जाऊन पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर चढले आणि गाडी तिथंच, तर प्लेट संपली. पॅडल अगदी वर आल्यावर गाडी पकडत असेल तर संपत आली. सेट आणि मजुरी 8 ते 12 हजार. ही तपासणी आउटर रिंग रोडला करा, मानेवाडा चौकात नको.

पुढचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे झटके सोसणारी जोडणी, या गाडीचं दुसरं ठरलेलं दुखणं. गतिरोधकावरून एका बाजूचं चाक हळू चढवा. ठक असा सुटा आवाज बहुतेक लिंक रॉडचा, दोन्ही मिळून अडीच-तीन हजार. ब्रेक लावताना दबका धप्प आला तर लोअर आर्मचे बुश. दोन्ही आर्म बदलणं बरं, मजुरीसकट 5-6 हजार. स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवताना कटकट झाली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. 60 च्या वर वेगासोबत वाढणारी घरघर आणि वळताना तिच्यात बदल, म्हणजे व्हील बेअरिंग. आधी टायरची झीज पाहून घ्या मात्र, वाकडा झिजलेला टायरही असाच घुमतो.

टायरवर चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही चांगली असली तरी उन्हाळ्यात वर्धा रोडच्या सिमेंटवर भरवशाचा नाही. व्हीडीआयला 165/80 आर14 लागतो, एक साधारण 4,000 ते 4,500.

आणि आपल्या नागपूरचा खास पेपर: एसी. सकाळी सगळ्यांचेच थंड करतात. दुपारी दोन वाजता उन्हात उभी करून पंधरा मिनिटं आयडलला एसी चालवा. चालताना थंड आणि उभी असताना कोमट होत असेल तर फॅन किंवा चोंदलेला कंडेन्सर. त्याच वेळी टेम्परेचरची खूण पाहा आणि रेडिएटरचा फॅन लागतो का ऐका. इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून रंग पाहा. गंजाळ पाणी दिसलं म्हणजे कोणीतरी बोअरचं पाणी टाकून राहिलं होतं, क्षार बसून रेडिएटर अर्धा बुजलेला असणार. रेडिएटर 4 ते 6 हजार, एसीचा कॉम्प्रेसर गेला तर 15 ते 20 हजार.

कागदवाला_नागपूर
मीटरवर विश्वास ठेवू नका, मीटर मागे नेणं अवघड काम नाही. गाडी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपला प्रत्येक सर्व्हिसचं किमी निघतं, 90,000 ची तारीख तिथून काढा. समजा ती 2018 ची निघाली, तर चार वर्षांत 90,000 आणि पुढच्या सगळ्या वर्षांत फक्त 72,000, हे खरं वाटतं का ते विचारा. गाडी कितव्या मालकाकडे आहे तेही सरकारच्या 'वाहन' साईटवर दिसतं. क्लचच्या पॅडलचं रबर एका बाजूनं गुळगुळीत आणि मीटर कमी, हे जमत नाही. तिन्ही रबरं कोरी करकरीत असली तर त्याहून जास्त संशय घ्या.

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) हजार रुपयांच्या आत येतो. कोड काही नाहीत म्हणून खुश होऊ नका. कोड पुसल्यापासून किती किमी चालली हे बऱ्याच स्कॅनर अॅपमध्ये दिसतं. तिथं 12 किमी आलं तर तुम्ही येण्याच्या आधीच कोणीतरी पुसलं.

नागपूरकरांसाठी वेगळा मुद्दा: 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेचा पूर. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट भागात गाड्या पाण्यात होत्या. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, गुंडाळलेल्या टोकाला मातीची रेघ राहते, ती कोणी धुवत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा फोम, हेही पाहा. मागच्या दोन-तीन पॉलिसी मागा. बरीच वर्षं एकच मालक असून एनसीबी (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) 50 टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला असेल तर एक तर क्लेम झाला किंवा पॉलिसी खंडित झाली. कोणतं ते विचारा. मालक बदलल्यावर एनसीबी नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे खरेदीच्या वर्षीचा शून्य धरू नका.

कागद: मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35. ई-चलन बाकी नाही ना, जुन्या गाडीला लागणारी एचएसआरपी (सुरक्षा नंबर प्लेट) बसली का, पीयूसी चालू आहे का. खाजगी नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे नोव्हेंबर 2029. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढते, वर पर्यावरण कर. ही तारीख भावात धरा. दिल्लीतला दहा वर्षांचा डिझेल नियम आपल्याकडे नाही, त्या भीतीनं कोणी भाव पाडून राहिला असेल तर तो फायदा घ्या.

मोकळा_रस्ता
रोज 60 किमी आहे म्हणून डिझेल ठीक. 15 किमी असतं तर सरळ पेट्रोल घ्या म्हटलं असतं. लहान फेऱ्यांत ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीनं भरतो. इथंही एकदा साफ करून घ्या, 2-3 हजार.

संत्रानगरी_49
सगळ्यांचे आभार. पाहून आलो. थंड इंजिनला चेन तीनेक सेकंद वाजली, गरम झाल्यावर शांत. फिलरमधून तपकिरी थर, शिंतोडे नाहीत. पिकअप बरोबर. क्लच पाचव्यात किंचित सुटतो. पुढून ठक आणि धप्प दोन्ही. टायर चारही 2018 चे. रिटर्न टेस्टमध्ये चारही बाटल्या जवळपास सारख्या. दुपारी एसी चांगला. सीटबेल्ट स्वच्छ. 90,000 ची सर्व्हिस 2020 ची निघाली.

बारातेरापाना
मग घेण्यासारखी आहे, पण या भावात नाही. चेन सेट 15,000. क्लच 10,000. टायर 17,000. लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट 9,000. ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल 8,000. झाले 59,000. बॅटरी आणि न दिसलेल्या गोष्टींसाठी आणखी 10,000 बाजूला ठेवा. ट्रान्सफर आणि विमा वेगळा.

2 लाख 40 पासून बोलायला सुरुवात करा, 2 लाख 60 ला थांबा. विकणारा म्हणेल की चेन सगळ्यांचीच वाजते. तर म्हणा, हो, म्हणूनच सगळ्यांचे पैसे कापले जातात. बदलताना फक्त चेन नको, टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट सगळा सेट टाका, आणि ऑइल 5डब्ल्यू-30 च. पैसे एकदम नसतील तर टायर आणि चेन आधी, क्लच दोन-तीन महिने ओढता येईल. चेन होईपर्यंत गाडी बुटीबोरीला नेऊ नका.